रिचार्ज झाला, तरी चॅनल उघडत नाहीत: छत्रीकडे जाण्याआधी काय तपासावे

लक्षणे

मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा संदेश आलेला असतो, बॉक्सचा दिवा लागलेला असतो, रिमोट चालतो, खालच्या पट्टीवर चॅनलचे नाव आणि क्रमांकही उमटतो. चित्र मात्र येत नाही, आणि काळ्या पडद्यावर ‘हा चॅनल आपल्या पॅकमध्ये नाही’ किंवा ‘कृपया रिचार्ज करा’ अशा अर्थाची ओळ दिसत राहते. हे मूळ लक्षण झाले. त्याची भावंडे बरीच आहेत. काही घरांत मराठी चॅनल सगळे दिसतात आणि क्रीडेचे किंवा चित्रपटांचे तेवढे बंद असतात. काही घरांत साधे चॅनल दिसतात, एचडी दिसत नाहीत. पडवीतला टीव्ही चालतो, माजघरातला चालत नाही. कधी ‘कार्ड घाला’ किंवा ‘हे कार्ड या बॉक्सचे नाही’ असे लिहून येते. कधी चित्र येते, पण त्याचे चौकोन होऊन ते फाटते, आवाज अडखळतो आणि शेवटी ‘सिग्नल नाही’ अशी सूचना येते. आणि एक लक्षण असे आहे की तो बिघाडच नव्हे: चालू कार्यक्रमावर मधूनच एक लांबलचक आकडा उमटतो आणि काही क्षणांत नाहीसा होतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मी गेली सोळा वर्षे गुहागर आणि चिपळूण या तालुक्यांत छत्र्या आणि सेट टॉप बॉक्स बसवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करतो. हा बिघाड आमच्याकडे वर्षभर तुरळक येतो, पण गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत एकदम वाडीच्या वाडी फोन करते, कारण मे महिन्यानंतर कुलूप लागलेली घरे त्या दोन दिवसांत उघडतात. चाकरमानी मंडळी पनवेलच्या आसपास गाडीत बसल्या बसल्या रिचार्ज करतात, रात्री घरी पोहोचून बॉक्स लावतात आणि पडदा काळा दिसला की मला फोन करतात. पहिले वाक्य ठरलेले असते: ‘भाऊ, छत्री हलली वाटतं, जरा वर चढून बघाल काय?’ बहुतेक वेळा छत्री जागच्या जागी असते. सिग्नल न पोहोचणे आणि सिग्नल पोहोचूनही पाहण्याची परवानगी न पोहोचणे हे दोन अगदी वेगळे बिघाड आहेत, पण दोन्हींचा पडदा काळाच असल्यामुळे लोक परवानगीच्या बिघाडासाठी कौलांवर चढतात आणि सिग्नलच्या बिघाडासाठी पुन्हा पुन्हा रिचार्ज करतात. खालचा सगळा क्रम या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी आहे.

कुलूप कसे चालते

उपग्रहावरून येणारी लहर सगळ्यांच्या छत्रीवर सारखीच पडते. पैसे भरणाऱ्याच्या कौलावर जास्त आणि न भरणाऱ्याच्या कौलावर कमी, असे तिला करता येत नाही. म्हणून कंपनी चित्र आणि आवाज आकाशात सोडण्यापूर्वीच विस्कटून टाकते. विस्कटलेले पुन्हा जुळवण्यासाठी एक सांकेतिक चावी लागते, आणि ही चावी दर काही सेकंदांनी, साधारणतः दहा सेकंदांच्या आसपास, बदलत राहते. नवी चावी चित्राच्या बरोबरीनेच येते, पण तीसुद्धा कुलूपबंद डबीत येते. ती डबी उघडण्याचे काम बॉक्समधले कार्ड करते (हल्लीच्या अनेक बॉक्समध्ये वेगळे कार्ड नसते, तेच काम आतली चिप करते), आणि त्या चॅनलचा हक्क व त्या हक्काची मुदत कार्डात नोंदवलेली असली, तरच ते ती उघडते.

जुन्या बॉक्सवर हे डोळ्यांनी पाहता येते. कार्यक्रम चालू असताना कार्ड किंचित बाहेर ओढले, तर चित्र लगेच जात नाही. ते काही सेकंद व्यवस्थित चालते, मग गोठते आणि त्यानंतर कार्ड मागणारी ओळ येते. त्या काही सेकंदांत बॉक्स हातात असलेल्या शेवटच्या चावीवर चाललेला असतो. ज्या घरी ‘आमची छत्रीच खराब आहे’ असा हट्ट असतो तिथे मी हा प्रयोग एकदा करून दाखवतो, कारण छत्रीला हात न लावता चॅनल बंद होऊ शकतो हे त्यावरून ताबडतोब पटते. आपण मात्र हा खेळ वारंवार करू नये, कार्डाचे संपर्क झिजतात.

आता मुख्य मुद्दा. कार्डात हक्क नोंदवणारा संदेशही आकाशातूनच येतो, आणि छत्री फक्त ऐकते, बोलत नाही. तुमच्या बॉक्सला संदेश मिळाला की नाही हे उपग्रहाच्या वाटेने कंपनीला कळण्याची सोय नसते, म्हणून कंपनी तो पुन्हा पुन्हा पाठवत राहते. प्रत्येक संदेशावर एका कार्डाचा क्रमांक असतो. देशभरातल्या सगळ्या बॉक्सवरून तो वाहत जातो आणि ज्याचा त्याने उचलायचा असतो. अशा असंख्य कार्डांचे संदेश एकाच रांगेत असल्यामुळे ताज्या रिचार्जचा संदेश सुरुवातीला लवकर लवकर येतो आणि नंतर त्याची पाळी विरळ होत जाते. पनवेलजवळ केलेल्या रिचार्जचा संदेश गुहागरच्या छत्रीवर दुपारीच येऊन गेलेला असतो. त्या वेळी बॉक्सची वायर काढून ठेवलेली असते. टपालवाला दाराला कुलूप पाहून परत गेला, इतकेच झालेले असते.

याच जागी एक शंका नेहमी निघते: ‘सह्याद्री वाहिनी तर सरकारी, फुकट, मग ती का बंद?’ चॅनल मोफत असणे आणि तो कुलपाशिवाय पाठवलेला असणे या दोन गोष्टी आहेत. १९९५ च्या केबल कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीने केबलवरचा प्रत्येक चॅनल सांकेतिक रूपातच पाठवणे बंधनकारक केले. मुंबईसाठी त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती आणि गावांपर्यंत ती सरकत सरकत ३१ मार्च २०१७ पर्यंत आली. छत्रीवरून सेवा देणाऱ्या खासगी कंपन्याही मोफत चॅनल बहुधा कुलपातूनच देतात. त्यामुळे बॉक्सची मुदत संपली की सह्याद्रीही जाऊ शकते. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत छत्रीची गोष्ट निराळी आहे. तिच्यावरचे नेहमीचे चॅनल विस्कटलेले नसतात, म्हणून तिला कार्डही लागत नाही आणि रिचार्जही लागत नाही. तिथे चित्र नसेल, तर दोष सिग्नलचा किंवा बॉक्सचाच असतो.

खुर्चीत बसून करायच्या तपासण्या

सर्वात आधी कागद घ्यावा आणि पडद्यावरची ओळ व तिच्यातला क्रमांक जसाच्या तसा उतरवावा, किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढावा. बॉक्स बंद करून चालू केल्यावर ती ओळ बदलू शकते आणि मग मूळ दुखणे काय होते हे सांगता येत नाही. क्रमांकांचे अर्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे एका कंपनीचा तक्ता दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सला लावू नये.

मग कंपनीचा स्वतःचा माहितीचा चॅनल लावावा. सूचीच्या सुरुवातीला असा एखादा चॅनल असतो, तिथे ऑफर आणि रिचार्जच्या सूचना दिवसभर चाललेल्या असतात. तो सहसा रिचार्ज संपल्यावरही दिसतो. तो स्वच्छ दिसत असेल, तर छत्री, वायर आणि बॉक्स या तिन्हींना तूर्त निर्दोष मानायला हरकत नाही आणि शिडी परत ठेवून द्यावी. तोही येत नसेल, तर खात्याच्या तपासण्या लवकर उरकून सिग्नलच्या भागाकडे जावे.

यानंतर बंद असलेल्या चॅनलांची यादी करावी. पंधरा मिनिटांचे हे काम लोक कंटाळून टाळतात, पण माझ्या मते सगळ्या तपासण्यांत हीच सर्वात जास्त सांगून जाते. बंद चॅनल एकाच पॅकमधले असतील, म्हणजे एकाच प्रसारकाचे सगळे, किंवा क्रीडेचे सगळे, तर दोष परवानगीचा आहे. याउलट बंद चॅनलांत एक मराठी, दोन हिंदी, एक बातम्यांचा, एक भजनांचा अशी खिचडी असेल आणि त्यांचा पॅकशी काही मेळ बसत नसेल, तर दोष सिग्नलचा आहे. उपग्रहावर चॅनलांचे गठ्ठे असतात आणि एका गठ्ठ्यात कोणते चॅनल एकत्र यावेत हे पॅक पाहून ठरत नाही. त्यामुळे एक गठ्ठा निसटला की अशी विसंगत यादी तयार होते. फक्त एचडी बंद असतील, तर मात्र दोन्ही शक्यता शिल्लक राहतात: एचडीचा पॅक वेगळा असतो, आणि एचडीचे गठ्ठे ज्या पद्धतीने पाठवले जातात तिला बहुधा अधिक स्वच्छ सिग्नल लागतो.

आता खाते. कंपनीच्या अॅपवर किंवा नोंदलेल्या मोबाइल क्रमांकावरून चार गोष्टी पाहाव्यात: शिल्लक किती आहे, मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे, सध्या कोणता पॅक चालू आहे, आणि रिचार्ज नेमका कोणत्या ग्राहक क्रमांकावर झाला आहे. चौथी गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण वेळणेश्वरच्या बाजूला एका घरी मुलाने दोन दिवसांत दोनदा रिचार्ज केला आणि दोन्ही वेळा तो डोंबिवलीच्या बॉक्सवर गेला, कारण अॅपमध्ये पहिला क्रमांक तोच साठवलेला होता. इकडे आजोबा मालिकेची वाट पाहत बसले होते आणि तिकडे कुलूप लावलेल्या फ्लॅटमधल्या बॉक्सची मुदत दोन महिन्यांनी वाढली होती. बॉक्सच्या खालच्या चिकटपट्टीवरचा किंवा मेनूमधला क्रमांक आणि रिचार्जच्या संदेशातला क्रमांक एकमेकांशेजारी धरून अंकन्‌अंक जुळवावा.

पॅककडेही नीट लक्ष द्यावे. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामकाच्या नव्या चौकटीत प्रत्येक सशुल्क चॅनलची किंमत वेगळी दाखवली जाते, आणि ग्राहकाने निवडलेला प्रत्येक चॅनल किंवा संच ही कार्डातल्या हक्कांची वेगळी नोंद असते. दर बदलले, एखादा चॅनल संचातून बाहेर काढला गेला किंवा शिल्लक महिन्याच्या रकमेपेक्षा चार रुपयांनी कमी पडली, की काही नोंदी संपतात आणि काही टिकतात. ग्राहकाला ते ‘चॅनल आपोआप गेले’ असे दिसते. दुसऱ्या टीव्हीचा बॉक्स एकाच खात्यावर असला, तरी त्याचे कार्ड वेगळे आणि त्याची नोंदही वेगळी असते. म्हणून पडवीत चालते आणि माजघरात चालत नाही, तेव्हा माजघरातल्या बॉक्सचा क्रमांक त्या खात्यावर चालू स्थितीत आहे का, एवढेच आधी पाहावे.

केबल असेल तर या टप्प्यावर केबलवाल्यालाच विचारावे. आपण रोख पैसे त्याच्या हातात दिलेले असतात, पण बॉक्स चालू करण्याची नोंद त्याला मोठ्या केबल कंपनीच्या संगणकावर करावी लागते, आणि सणाच्या गर्दीत ती राहून जाते. पावती मागावी, तीवर बॉक्सचा क्रमांक असावा. क्वचित प्रसंगी दोष याहूनही वरचा असतो. प्रसारक आपला चॅनल केबल कंपनीला देतो तोही कुलपातूनच, आणि त्याची चावी प्रसारकाच्या हातात असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांचे करार न झालेल्या केबल कंपन्यांचे सिग्नल काही मोठ्या प्रसारकांनी बंद केले, तेव्हा नियमित पैसे भरणाऱ्या घरांतूनही ते चॅनल काही दिवस गेले होते. शेजाऱ्याकडे त्याच केबलवर तोच चॅनल बंद असेल, तर आपल्या बॉक्सवर प्रयोग करण्यात वेळ घालवू नये.

बॉक्स चालू ठेवणे आणि रिफ्रेश

खाते ठीक असेल, तर संदेश पोहोचलेला नाही असे समजावे आणि तो पोहोचेल अशी व्यवस्था करावी. बॉक्सचा मेन स्विच बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा लावावा. नुसते रिमोटचे लाल बटण दाबून हे काम होत नाही, कारण त्याने बॉक्स झोपतो, बंद होत नाही. पूर्ण बंद करून चालू केल्यावर बॉक्स चॅनलांची यादी नव्याने उतरवून घेतो आणि कार्डाशी बोलणे पहिल्यापासून सुरू करतो. बॉक्स वर आला की जो चॅनल बंद आहे तोच लावावा, टीव्ही हवा तर बंद करावा, पण बॉक्स चालूच ठेवावा.

बॉक्स चालू आहे याची खात्री झाल्यावरच रिफ्रेश मागावा. अॅपमधून, नोंदलेल्या क्रमांकावरून मिस्ड कॉल देऊन किंवा एसएमएस पाठवून तो मागता येतो. रिफ्रेश म्हणजे तुमच्या कार्डाचा संदेश पुन्हा रांगेच्या पुढे आणून ठेवणे. त्यात कोणतीही जादू नसते. बॉक्स बंद असताना मागितलेला रिफ्रेश वाया जातो, आणि पाऊस इतका जोरात असेल की चित्र फाटते आहे, तेव्हा मागितलेलाही बहुधा वायाच जातो, कारण ज्या वाटेने चित्र येते त्याच वाटेने संदेश येतो. पाऊस ओसरेपर्यंत थांबावे. सर्वसाधारणपणे दहा-पंधरा मिनिटांत चॅनल उघडतात. महिनोन्‌महिने बंद असलेल्या बॉक्सला मी अर्धा-पाऊण तास देतो. तेवढ्यात उघडले नाही तर एकदाच आणखी रिफ्रेश मागावा. तिसरा, चौथा, पाचवा मागण्याने फक्त चिडचिड वाढते.

एका गोष्टीचा इशारा इथेच देतो. घाईत लोक कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक इंटरनेटवर शोधतात आणि पहिला दिसेल त्यावर फोन लावतात. पलीकडचा माणूस गोड बोलून दहा रुपये भरायला सांगतो, एखादे अॅप टाकून मोबाइलचा पडदा दाखवायला सांगतो आणि बँकेचा ओटीपी विचारतो. बॉक्स रिफ्रेश करायला तुमच्या मोबाइलचा पडदा कुणालाही पाहावा लागत नाही. क्रमांक बॉक्सच्या मेनूतून, माहितीच्या चॅनलवरून किंवा जुन्या बिलावरूनच घ्यावा.

कार्ड

बॉक्समध्ये कार्ड असेल, तर बॉक्सची वायर काढून मगच ते बाहेर काढावे. सोनेरी चौकोन कोणत्या बाजूला होता हे काढण्यापूर्वी पाहून ठेवावे. उलटे घातलेले कार्ड हा गणपतीच्या दिवसांतला माझा नेहमीचा पाहुणा आहे. सोनेरी भाग कोरड्या, मऊ सुती कापडाने हलकेच पुसावा. पेट्रोल, थिनर, खोडरबर, पाण्याचा हात यांपैकी काहीही लावू नये. कार्ड घालायच्या खाचेत मोबाइलच्या उजेडाने डोकावून पाहावे. बंद घरात तिथे उबेला मुंग्या राहतात. एका घरी कार्ड ओढले तशी मुंग्यांची पांढरी अंडी भाताच्या शितांसारखी त्याच्याबरोबर बाहेर आली. अशा वेळी खाचेत टाचणी किंवा चाकूचे टोक घालू नये, आतल्या बारीक स्प्रिंगपट्ट्या वाकतात आणि चांगला बॉक्स वाया जातो. बॉक्स उलटा धरून हलकेच आपटावा, आणि तेवढ्याने साफ झाले नाही तर तो कंपनीकडे द्यावा.

चालणाऱ्या बॉक्सचे कार्ड न चालणाऱ्या बॉक्समध्ये घालून पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्यातून काहीही कळत नाही. कार्ड आणि बॉक्स यांची जोडी कंपनीच्या संगणकात बांधलेली असते, आणि डबीतून काढलेली चावीही त्या जोडीतल्या बॉक्सलाच समजेल अशा रूपात दिली जाते. एखाद्याने कार्ड काढून दुसऱ्याला देऊ नये, यासाठीच ही तजवीज आहे. त्यामुळे अदलाबदल केल्यावर दोन्ही टीव्ही बंद दिसतात आणि घरात गोंधळ दुप्पट होतो. ‘कार्ड या बॉक्सचे नाही’ ही ओळ कार्डे मूळ जागी घालूनही जात नसेल, तर जोडी कंपनीकडूनच पुन्हा बांधून घ्यावी लागते, घरी करण्यासारखे त्यात काहीच उरत नाही.

पडद्यावर मधूनच उमटणारा आकडाही याच सुरक्षेचा भाग आहे. तो सहसा तुमच्या कार्डाची किंवा बॉक्सची ओळख सांगतो. कोणी आपल्या बॉक्समधला चॅनल चोरून पुढे वाटू लागला, तर त्या चोरट्या चित्रावर तोच आकडा उमटतो आणि कुणाच्या बॉक्समधून गळती झाली हे सापडते. तुमच्याकडे तो दिसला म्हणजे तुमच्यावर संशय आहे असे नव्हे. त्यासाठी तक्रार करू नये.

सिग्नल: जमिनीवरून जेवढे होईल तेवढे

माहितीचा चॅनलही दिसत नसेल किंवा यादी खिचडी असेल, तर मेनूमधले सिग्नलचे पान उघडावे. तिथे दोन पट्ट्या असतात, ताकदीची आणि गुणवत्तेची. लोक पहिल्या पट्टीकडे पाहून ‘सिग्नल फुल आहे’ म्हणतात, आणि तीच फसवते. छत्री भलत्या दिशेला वळलेली असली तरी नुसत्या गोंगाटाने ती पट्टी भरलेली दिसू शकते. दुसरी पट्टी पाहावी. गुणवत्ता शून्य असेल, तर तुमचा उपग्रह बॉक्सला सापडतच नाही आणि कितीही रिचार्ज केले तरी उपयोग नाही.

त्यानंतर बॉक्सची वायर विजेतून काढावी, कारण छत्रीवरच्या एलएनबीला (छत्रीसमोर दांड्याच्या टोकाला बसवलेला, लहर पकडणारा छोटा डबा) लागणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीज बॉक्सच केबलमधून वर पाठवतो, आणि केबल चालू असताना आतली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्सचा तो भाग जळू शकतो. मग मागचा कनेक्टर सोडवावा. मधली तांब्याची तार लख्ख असली पाहिजे आणि कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर आली पाहिजे; जाळीचा एकही केस तिला टेकता कामा नये. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ही तार एका पावसाळ्यात हिरवी पडते. तसे असेल तर टोक कापून नवा कनेक्टर बसवावा. दहा-वीस रुपयांत काम होते. या हिरव्या तारेमुळे एक चकवा तयार होतो. उभ्या आणि आडव्या लहरींच्या चॅनलांसाठी एलएनबी १३ आणि १८ व्होल्टवरून निवड करतो. गंजलेल्या तारेतून वर पोहोचेपर्यंत १८ चे व्होल्ट गळाले, तर एका बाजूचे सगळे चॅनल जातात आणि दुसऱ्या बाजूचे उत्तम चालतात. ग्राहकाला वाटते की कंपनीने अर्धा पॅक कापला.

पाऊस जोरात असताना सिग्नल जाणे हा बिघाड नव्हे. या लहरी पावसाच्या थेंबांत अडतात आणि सर ओसरली की परत येतात. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काही दिवस, दिवसा ठरलेल्या वेळी, सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही मिनिटे चित्र जाते. त्यावरही उपाय नाही आणि गरजही नाही. मात्र आकाश निरभ्र असताना गुणवत्ता सतत कमी राहत असेल, तर अंगणातून छत्रीकडे पाहावे. तिच्यासमोर आंब्याची फांदी वाढली आहे का, एलएनबीच्या तोंडावर गांधीलमाश्यांनी मातीचे घर केले आहे का, माकडांनी दांडा वाकवला आहे का, हे खालूनही दिसते. साठ सेंटिमीटरच्या छत्रीला दीड-दोन अंशांचा झोकही पुष्कळ होतो, कारण ती सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या एका ठिपक्याकडे पाहत असते.

शेवटची घरगुती तपासणी थोडी कष्टाची आहे, पण फुकट आहे आणि तिचे उत्तर निर्णायक असते. त्याच कंपनीची छत्री असलेल्या शेजाऱ्याकडे आपला बॉक्स, कार्डासकट, घेऊन जावा आणि त्यांच्या केबलला जोडावा. कंपनी तीच असणे आवश्यक आहे. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला आणि डिश टीव्हीचा ९५ अंश पूर्वेला असल्यामुळे एकाची छत्री दुसऱ्याच्या कामी येत नाही. तिथे आपला बॉक्स चालला, तर आपली छत्री, एलएनबी किंवा केबल दोषी आहे. तिथे माहितीचा चॅनल दिसला पण पॅकचे चॅनल बंदच राहिले, तर दोष परवानगीचा आहे. तिथेही काहीच आले नाही आणि शेजाऱ्याचा स्वतःचा बॉक्स मात्र चालतो आहे, तर आपला बॉक्स गेला आहे. बॉक्स नेलाच आहे तर तिथे अर्धा तास चालू ठेवावा. कित्येकदा परवानगीचा संदेश शेजाऱ्याच्या छत्रीवरून मिळतो आणि घरी परत आणल्यावर चॅनल उघडे असतात.

इथे थांबावे आणि माणूस बोलवावा

खात्यावर सगळे चालू दिसते, बॉक्स तासभर चालू होता, दोन रिफ्रेश झाले आणि माहितीचा चॅनल स्वच्छ दिसतो, तरी पॅक उघडत नाही: फोन कंपनीला करावा, मला नव्हे. माझ्याकडे कार्डात हक्क लिहिण्याचे कोणतेही यंत्र नाही, कोणत्याही तंत्रज्ञाकडे नसते. जो ‘दोनशे रुपयांत सगळे चॅनल उघडून देतो’ म्हणतो तो चोरीचे काहीतरी विकत आहे. ते बेकायदा आहे, आणि कंपनीने सांकेतिक व्यवस्था बदलली की एका रात्रीत बंदही पडते.

कनेक्टर बदलूनही गुणवत्ता शून्यच असेल, किंवा शेजाऱ्याकडच्या तपासणीत दोष वरचा निघाला असेल, तर तंत्रज्ञ बोलवावा. पावसाळ्यात स्वतः छपरावर चढू नये. शेवाळलेले कौल पायाखालून सरकते, छत्रीचा दांडा हाताला आधार वाटतो पण माणसाचे वजन पेलत नाही, आणि आमच्याकडे बऱ्याच घरांवरून विजेच्या तारा हाताच्या अंतरावरून जातात. छत्री जुळवायला मीटर लागतो. वर एकाने हलवायची आणि खालून दुसऱ्याने ‘आली, आली, गेली’ ओरडायचे, या पद्धतीने दुपार जाते आणि शेवटी छत्री होती त्याहून वाईट जागी घट्ट होते. बॉक्सला जळका वास येत असेल, तो बंद-चालू होत राहत असेल किंवा वीज पडून गेल्यानंतर मेला असेल, तर तो उघडू नये. वायर काढल्यानंतरही आत काही काळ धक्का देण्याइतकी वीज साठून राहू शकते, आणि बॉक्स भाड्याचा असेल तर उघडल्यावर जबाबदारी तुमच्यावर येते.

तंत्रज्ञाला फोन करताना चार गोष्टी सांगाव्यात: पडद्यावरची ओळ, बंद चॅनलांची यादी, गुणवत्तेच्या पट्टीचा आकडा आणि शेजाऱ्याकडे काय झाले ते. एवढे कळले की मी घरूनच कोणता एलएनबी किंवा किती मीटर केबल बरोबर घ्यायची हे ठरवतो आणि एका फेरीत काम होते.

जे लोक गौरी-गणपती करून परत घर बंद करणार आहेत त्यांनी निघताना बॉक्सची वायर आणि मागची केबल दोन्ही काढून ठेवावीत, बाहेरून येणाऱ्या केबलला भिंतीत शिरण्याआधी खाली लोंबणारा एक वळसा द्यावा म्हणजे पाणी तिथेच टपकून जाते, आणि पुढच्या खेपेला क्रम उलटा करावा: घरी पोहोचून आधी बॉक्स लावावा, माहितीचा चॅनल दिसतो आहे याची खात्री करावी, आणि मग तिथेच बसून रिचार्ज करावा.